नामशोध आणि प्रारंभ : लिनक्स संगणकाच्या मंद आरंभाच्या एका कारणाचा इतिहास

१. विषयप्रवेश

वैशाखातल्या दुपारी नागपुरात वीज जावी, तास-दीड तासाने ती परत यावी आणि महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील सर्व संगणक एकदमच सुरू केले जावेत, हा प्रसंग येथील अध्यापकांना व प्रयोगशाळा-साहाय्यकांना अपरिचित नाही. अशा वेळी, जेथे संगणक लिनक्स प्रणालीवर चालतात आणि विद्यार्थ्यांची नावे व पासवर्ड प्रत्येक यंत्रावर न ठेवता एका मध्यवर्ती सर्व्हरवर ठेवलेले असतात, तेथे कधीकधी एक चमत्कारिक गोष्ट अनुभवास येते. पडद्यावर आरंभीच्या काही ओळी उमटतात आणि यंत्र थबकते. डिस्कचा दिवा लुकलुकत नाही, प्रोसेसरला काही काम पडल्याचे दिसत नाही, चूक झाल्याचा स्पष्ट संदेशही येत नाही. पाच मिनिटे जातात, दहा जातात. परीक्षेचा दिवस असेल तर दाराबाहेर विद्यार्थी ताटकळत असतात. मग जणू काही झालेच नाही अशा रीतीने आरंभ पुढे सरकतो आणि लॉगिनची चौकट दिसू लागते.

या मंदपणाचा दोष सामान्यतः जुन्या डिस्कला, अपुऱ्या मेमरीला किंवा विजेच्या धक्क्याला दिला जातो. वस्तुतः यंत्र त्या वेळात कोणतेही काम करीत नसते. ते वाट पाहत असते. आपल्याच एखाद्या उपकरणाचा मालक म्हणून नोंदलेले नाव कोणाचे, हा प्रश्न त्याने नेटवर्कवरील दूरच्या सर्व्हरला विचारावयास घेतलेला असतो. आणि नेटवर्क तर अद्याप सुरूच झालेले नसते. नेटवर्क सुरू होण्यासाठी आरंभ पुढे सरकावयास हवा, आणि आरंभ पुढे सरकण्यासाठी नेटवर्कवरून उत्तर यावयास हवे. आपले नैयायिक ज्याला अन्योन्याश्रय म्हणतात, तोच हा दोष होय.

प्रस्तुत लेखात या दोषाची उत्पत्ती, वाढ, निदान आणि निराकरण यांचा ऐतिहासिक क्रमाने विचार करावयाचा आहे. लेखाचे प्रतिपाद्य असे की, हा दोष कोणा एका प्रोग्रामच्या चुकीतून उद्भवलेला नाही. माणसांची नावे आणि यंत्राच्या घरकामाला लागणारी नावे या दोन भिन्न प्रकारांना एकाच दफ्तरात शोधण्याची सवय सुमारे ३० वर्षांत पडत गेली, आणि तीतून तो वाढला. त्याचे खरे निराकरणही हा भेद पुन्हा मान्य केल्यावरच झाले.

२. आकडा आणि नाव

लिनक्सने नावांची व्यवस्था युनिक्सपासून घेतली. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात मरे हिल येथील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी १९६९ मध्ये युनिक्सची उभारणी आरंभिली. तिच्या माहितीपुस्तकाची पहिली आवृत्ती ३ नोव्हेंबर १९७१ ची आहे, आणि तीत पासवर्ड फाईलचे वर्णन आढळते. ही फाईल म्हणजे साध्या अक्षरांत लिहिलेली वही होय. एका वापरकर्त्याची एक ओळ. तीत त्याचे नाव, त्याचा क्रमांक, त्याची निर्देशिका व लॉगिननंतर चालवावयाचा प्रोग्राम एवढा मजकूर. गटांसाठी अशीच दुसरी फाईल पुढे आली.

या रचनेतील एक मुद्दा विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, नावे जाणत नाही. तो केवळ क्रमांक जाणतो. कोणती फाईल कोणाची, कोणते उपकरण कोणत्या गटाला उघडता येईल, हे सर्व कर्नलच्या दृष्टीने आकड्यांचे प्रश्न आहेत. नाव हे माणसाच्या सोयीसाठी असते. नावावरून आकडा आणि आकड्यावरून नाव काढून देण्याचे काम कर्नलच्या बाहेर, सी भाषेच्या लायब्ररीतील काही मोजकी फंक्शने करतात. एखाद्या प्रोग्रामने विचारावे, ‘या नावाचा क्रमांक काय?’ आणि फंक्शनने वही उघडून वरपासून खालपर्यंत वाचून उत्तर द्यावे, इतका हा सरळ व्यवहार होता.

वही स्थानिक डिस्कवर होती तोपर्यंत या प्रश्नाला लागणारा वेळ नगण्य होता. त्याहून महत्त्वाचे असे की, उत्तराचे दोनच प्रकार संभवत होते : नाव आहे, किंवा नाव नाही. ‘ठाऊक नाही, थोड्या वेळाने विचारा’ या तिसऱ्या उत्तराला त्या व्यवस्थेत स्थान नव्हते. कारण त्याची गरजच नव्हती. शेकडो प्रोग्राम या द्विविध उत्तरावर विसंबून लिहिले गेले. पुढील सर्व अडचणीचे बीज येथे आहे.

३. मध्यवर्ती दफ्तर

विसाव्या शतकाच्या नवव्या दशकात एका मोठ्या यंत्राऐवजी अनेक लहान यंत्रे नेटवर्कने जोडण्याची पद्धत रूढ झाली. या पद्धतीचा पुरस्कार करणाऱ्यांत सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी अग्रभागी होती. विनोद खोसला, अँडी बेख्टोल्सहाइम, स्कॉट मॅकनीली व बिल जॉय यांच्या नावांशी निगडित असलेली ही कंपनी १९८२ मध्ये स्थापन झाली. दूरच्या यंत्रावरील फाईल आपल्याच डिस्कवर असल्याप्रमाणे वापरता यावी यासाठी तिने एन.एफ.एस. ही व्यवस्था आणली. परंतु या व्यवस्थेत फाईलच्या मालकाचा क्रमांकच एका यंत्रावरून दुसऱ्यावर जात असे. एका यंत्रावर १०४ क्रमांक एका विद्यार्थ्याचा आणि दुसऱ्यावर तोच क्रमांक दुसऱ्या विद्यार्थ्याचा असेल, तर एकाच्या फाइली दुसऱ्याच्या हाती पडणार, हे उघड होते. तेव्हा सर्व यंत्रांवर नाव व क्रमांक यांची जोडी एकच असणे आवश्यक ठरले.

या गरजेतून १९८५ मध्ये सनने ‘यलो पेजेस’ ही नामसेवा आणली. ब्रिटनमध्ये हे नाव ब्रिटिश टेलिकॉमचे व्यापारचिन्ह असल्यामुळे पुढे ते बदलून एन.आय.एस. असे करण्यात आले. तथापि तिच्या आज्ञांच्या आरंभीची ‘वाय.पी.’ ही अक्षरे तशीच राहिली. यंत्रावरील पासवर्ड फाईलमध्ये स्थानिक ओळी झाल्यानंतर शेवटी अधिकचे एक चिन्ह लिहावयाचे; त्याचा अर्थ, ‘यापुढील नावे मध्यवर्ती दफ्तरात पाहा.’

मराठी वाचकांस ही रचना समजण्यास कठीण जाऊ नये. जुन्या मराठी राज्यात गावचे दफ्तर कुलकर्ण्याच्या घरी असे आणि पुण्यास हुजूर दफ्तर असे. परगण्याचा हिशेब हुजुरात तपासला जाई, परंतु गावच्या वेशीवरचा महार कोण आणि चौगुला कोण, हे ठरविण्यासाठी कोणी पुण्यास जासूद पाठवीत नसे. सनच्या मूळ रचनेतही हा विवेक होता. व्यवस्थापकाचे ‘रूट’ हे खाते आणि प्रणालीची आपली खाती स्थानिक फाईलमध्ये राहत. अधिकच्या चिन्हाखाली येत ती माणसे. मात्र हा विवेक नियम म्हणून बांधलेला नव्हता. तो व्यवस्थापकाच्या शिस्तीवर सोपविलेला होता.

सर्व्हर बंद असला म्हणजे काय होते, याचा अनुभवही लवकरच आला. यंत्र नेटवर्कवर पुकारा करून नामसेवेचा सर्व्हर शोधी, आणि उत्तर न आल्यास सर्व्हर प्रतिसाद देत नाही, प्रयत्न चालू आहे, अशा अर्थाची ओळ पडद्यावर दाखवीत थांबून राही. गणनशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांनी मे १९८७ मध्ये सहकाऱ्यांस पाठविलेल्या एका पत्रात वितरित प्रणालीची विनोदी व्याख्या केली आहे. तिचा आशय असा की, ज्याचे अस्तित्वही आपल्याला ठाऊक नाही असा संगणक बिघडल्यामुळे जेथे आपला संगणक निरुपयोगी होतो, ती वितरित प्रणाली. ही व्याख्या त्या काळच्या अनुभवाचे सार म्हणून आजही उद्धृत होते.

४. दफ्तरांची निवड आणि एलडॅप

नामसेवा अनेक झाल्यावर प्रथम कोणती पाहावयाची, हा प्रश्न उभा राहिला. सनच्या सोलॅरिस २ या प्रणालीत १९९२ मध्ये ‘एन.एस.स्विच’ नावाची एक लहान फाईल आली. वापरकर्ते, गट, यंत्रांची नावे अशा प्रत्येक प्रकारासमोर दफ्तरांचा क्रम लिहावयाचा, एवढेच तिचे काम. लिनक्सच्या ग्लिबसी लायब्ररीच्या दुसऱ्या पिढीने १९९७ मध्ये हीच पद्धत स्वीकारली.

या फाईलमागे एक सूक्ष्म विचार होता. दफ्तराकडून येणारी उत्तरे आता चार प्रकारची मानली गेली : सापडले, येथे नाही, दफ्तरच उपलब्ध नाही, आणि तूर्त व्यग्र, पुन्हा विचारा. म्हणजे ज्या तिसऱ्या उत्तराची उणीव मागे सांगितली, ती लायब्ररीच्या आत भरून निघाली. परंतु लायब्ररीला प्रश्न विचारणारे बहुसंख्य प्रोग्राम अजूनही जुनेच होते. त्यांना ‘आहे’ वा ‘नाही’ एवढेच ऐकण्याची सवय होती. आत चार उत्तरे आणि बाहेर दोन, अशी ही विषम स्थिती झाली.

याच सुमारास मिशिगन विद्यापीठात टिम हाऊज व त्यांचे सहकारी एक्स.५०० या अवजड डिरेक्टरी-पद्धतीची हलकी आवृत्ती तयार करीत होते. तिचे पहिले विनिर्देशपत्र जुलै १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. तीच एलडॅप होय. मार्च १९९८ मध्ये ल्यूक हॉवर्ड यांनी लिहिलेल्या २३०७ क्रमांकाच्या आर.एफ.सी.मध्ये युनिक्सचे वापरकर्ते व गट एलडॅपच्या डिरेक्टरीत कसे मांडावेत, हे सांगितले गेले. हॉवर्ड यांच्याच ऑस्ट्रेलियातील पॅडल या कंपनीने ‘एन.एस.एस. एलडॅप’ हे जोडपत्र उपलब्ध करून दिले आणि लिनक्सच्या यंत्रांना एलडॅपचे दफ्तर खुले झाले.

शिक्षणसंस्थांना ही व्यवस्था फार सोयीची वाटली, यात नवल नाही. दर वर्षी शेकडो विद्यार्थी येतात, तितकेच जातात. प्रत्येक यंत्रावर त्यांची नावे लिहीत व खोडीत बसणे अशक्य. मुंबईत पवई येथील आय.आय.टी.त तर ‘एलडॅप’ हा शब्द मूळ तांत्रिक अर्थ मागे टाकून संस्थेचे लॉगिन या अर्थाने विद्यार्थ्यांच्या नित्याच्या बोलण्यात रुळला. ‘तुझा एलडॅप काय?’ असे विचारले म्हणजे वापरकर्त्याचे नाव विचारले, हे तेथे वेगळे सांगावे लागत नाही.

५. नसलेल्या नावाचा शोध

येथपर्यंतच्या व्यवस्थेत धोका होता, परंतु तो बहुधा लॉगिनच्या वेळी, म्हणजे आरंभ पूर्ण झाल्यानंतर प्रकट होई. तो आरंभाच्या पहिल्या पायरीवर आला, तो यूडेव्ह या प्रोग्राममुळे. लिनक्समध्ये यंत्राला जोडलेल्या प्रत्येक उपकरणासाठी एक विशेष फाईल असते. पूर्वी अशा शेकडो फाइली आगाऊ करून ठेवीत. २००३ मध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी यूडेव्हची रचना मांडली. तीनुसार उपकरण आढळेल तशी त्याची फाईल तयार व्हावी आणि ती कोणाच्या व कोणत्या गटाच्या मालकीची, हे नियमांच्या फाइलींतून ठरावे. हे नियम माणसांनी वाचावयाचे म्हणून त्यांत क्रमांकाऐवजी नावे लिहिली गेली. कर्नलला मात्र क्रमांक हवा. तेव्हा आरंभीच, नेटवर्कच्या कार्डाची ओळख पटण्याच्याही आधी, यूडेव्हला नामशोध करावा लागू लागला.

आता वाचक म्हणतील, स्थानिक फाईल प्रथम आणि एलडॅप नंतर असा क्रम लिहिला म्हणजे झाले. बहुतेक व्यवस्थापकांनी तसाच क्रम लिहिला होता, आणि तरीही यंत्रे थबकत होती. त्याची कारणे दोन, आणि या विषयाचे मर्म त्यांतच आहे.

पहिले कारण असे. स्थानिक वहीत नाव सापडले, तर शोध तेथेच थांबतो. सापडले नाही, तर तो पुढच्या दफ्तराकडे जातो. यूडेव्हचे नियम सर्व प्रकारच्या यंत्रांसाठी एकत्र लिहिलेले असत. त्यांत टी.पी.एम. या सुरक्षा-चिपसाठी ‘टी.एस.एस.’ हे नाव असे, तसेच ‘स्कॅनर’, ‘फ्यूज’, ‘के.व्ही.एम.’, ‘एन.व्ही.रॅम’, ‘आर.डी.एम.ए.’ असे गट असत. संबंधित सॉफ्टवेअर यंत्रावर घातलेले नसेल, तर ती नावे स्थानिक वहीत नसत. एलडॅपमध्ये तर ती कधीच नसत. म्हणजे जे नाव जगात कोठेही नाही त्याच्या शोधासाठी यंत्र नेटवर्कची वाट पाहत बसे. असलेल्या नावाला क्षणही लागत नाही. नसलेल्या नावाला सर्व दफ्तरे पालथी घालावी लागतात.

दुसरे कारण गटांविषयीचे. १९८३ च्या ४.२ बी.एस.डी. या युनिक्समध्ये एकच वापरकर्ता एकाच वेळी अनेक गटांत असण्याची सोय झाली. एखाद्या सेवेला दुसऱ्या वापरकर्त्याच्या नावाने चालवावयाचे तर त्याचे सर्व गट गोळा करावे लागतात. येथे स्थानिक वहीत काही गट सापडले म्हणून थांबता येत नाही. कारण आणखी एखादा गट एलडॅपमध्ये असू शकतो. म्हणून ‘रूट’ सारख्या निखळ स्थानिक खात्यासाठीही प्रश्न नेटवर्ककडे जाई. परिणामी आरंभ अडकलेला असताना तो सुधारण्यासाठी येणारा व्यवस्थापकही त्याच दारात अडके; त्याचे स्वतःचे लॉगिनसुद्धा मिनिटामिनिटांनी पुढे सरके.

प्रत्यक्ष विलंब किती, हे पॅडलच्या जोडपत्रातील प्रचलित मूल्यांवरून मांडता येते. सर्व्हरशी जोडणी न झाल्यास ४ सेकंद थांबावे, पुन्हा प्रयत्न करावा, मग ८, १६, ३२ व ६४ सेकंद, असा दुपटीचा क्रम होता. यांची बेरीज १२४ सेकंद. एवढा एका नावाचा खर्च. अशी पाच नावे एकामागून एक आली, तर ६२० सेकंद, म्हणजे दहा मिनिटांहून अधिक. २००५ नंतरच्या काही वर्षांत डेबियन, उबुंटू, फेडोरा इत्यादी वितरणांच्या वापरकर्त्यांकडून या थबकण्याविषयी वारंवार तक्रारी आल्या, त्यांचा उलगडा या साध्या गणिताने होतो.

या जोडपत्राला दोष देणे सोपे आहे, पण ते न्याय्य होणार नाही. चिकाटीने पुनःपुन्हा विचारण्याच्या या धोरणाला ‘हार्ड’ असे नाव होते, आणि त्यामागे सबळ कारण होते. समजा, सर्व्हर क्षणभर बंद आहे आणि त्याच वेळी टपाल-सेवेने एखाद्या वापरकर्त्याचे नाव विचारले. जोडपत्राने घाईने हात वर केले, तर जुना प्रोग्राम त्याचा अर्थ ‘असा माणूस नाही’ एवढाच करणार आणि खऱ्या माणसाचे पत्र परत पाठविणार. ‘उत्तर मिळाले नाही’ आणि ‘असा कोणी नाही’ या दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. जुन्या प्रोग्रामांना ते समजत नसल्यामुळे, खोटे उत्तर देण्यापेक्षा वाट पाहणे बरे, असा निर्णय कर्त्यांनी घेतला. तो निर्णय चालत्या सर्व्हरच्या दृष्टीने शहाणपणाचा होता. आरंभाच्या पहिल्या मिनिटात मात्र तोच घातक ठरला.

६. निदानाची रीत

या दोषाचे निदान कसे करावे, हेही नोंदवून ठेवणे उपयुक्त होईल; कारण त्याची लक्षणे फसवी आहेत. पहिली पायरी म्हणजे वेळेचा हिशेब. सिस्टमडीवर चालणाऱ्या यंत्रांत ‘सिस्टमडी-अ‍ॅनालाइझ’ ही आज्ञा ‘ब्लेम’ या शब्दासह दिली असता कोणत्या सेवेला किती वेळ लागला, याची यादी मिळते. परंतु या यादीत जिचे नाव वर दिसते, ती सेवा दोषी असेलच असे नाही. ती केवळ वाट पाहणारी असू शकते. म्हणून यादीबरोबर जर्नलमधील नोंदींच्या वेळा पाहाव्यात. दोन ओळींमध्ये ४, ८, १६ अशा दुपटीने वाढणारी अंतरे दिसली, तर संशयाला जागा उरत नाही. काम करणारे यंत्र अशा नियमित अंतराने कधी थांबत नाही.

दुसरी पायरी थेट प्रश्नाची. ‘गेटेंट’ या आज्ञेने स्थानिक वहीतले एक नाव विचारावे आणि नंतर कोठेही नसलेले एक नाव विचारावे. पहिले उत्तर तत्क्षणी आणि दुसरे विलंबाने आले, तर दोष नामशोधाचा. ‘आय.डी.’ ही आज्ञा ‘रूट’साठी दिली असता विलंब झाला, तर तो गटांच्या शोधाचा. एस-ट्रेस लावून पाहिल्यास प्रोग्राम एलडॅपच्या ३८९ वा ६३६ क्रमांकाच्या पोर्टाकडे जाताना स्पष्ट दिसतो.

तिसरी पायरी वगळून पाहण्याची. एन.एस.स्विचमधून एलडॅपचा उल्लेख तात्पुरता काढून यंत्र पुन्हा सुरू करावे. आरंभ झटपट झाला तर निदान पक्के. येथे आणखी एक बारकावा आहे. एलडॅप सर्व्हरचा पत्ता नावाने लिहिलेला असेल, तर प्रथम ते नाव डी.एन.एस.कडे विचारावे लागते, आणि तेथे प्रत्येक प्रयत्नाला प्रचलित मुदत ५ सेकंदांची असते. म्हणजे नावाच्या शोधासाठी दुसऱ्या नावाचा शोध. तो टाळण्यासाठी सर्व्हरचे नाव व पत्ता स्थानिक ‘होस्ट्स’ फाईलमध्ये लिहून ठेवणे हितावह होय.

आरंभी वर्णिलेल्या नागपुरी प्रसंगाचा उलगडाही आता करता येईल. वीज आल्यावर सर्व्हर व इतर यंत्रे एकाच वेळी सुरू होतात. सर्व्हरला मोठ्या डिस्कची तपासणी करावी लागते, म्हणून तो मागे राहतो. इतर यंत्रे आधी प्रश्न विचारू लागतात. सर्व्हर स्वतःच आपल्या एलडॅपचा ग्राहक असेल, तर तोही आपल्याच उत्तराची वाट पाहत थबकतो. सर्व्हर प्रथम सुरू करून पाच मिनिटांनी इतर यंत्रे सुरू करण्याची काही प्रयोगशाळांतील रूढी अनुभवातून आलेली आहे. पण ती उपाय नसून तोडगा आहे.

७. उपायांचा क्रम

उपायांचा इतिहास तीन टप्प्यांत मांडता येतो. पहिल्या टप्प्यात धोरण सौम्य करण्यात आले. ‘हार्ड’ऐवजी ‘सॉफ्ट’ लिहिले असता जोडपत्र थांबत नाही, लगेच माघार घेते. आरंभ वेगाने होतो; मात्र टपाल परत जाण्याचा मागे सांगितलेला धोका पुन्हा उभा राहतो. काही स्थानिक खात्यांचे गट एलडॅपमध्ये शोधू नयेत, अशी त्या नावांची यादी लिहिण्याची सोयही झाली. अनेक व्यवस्थापकांनी त्याहून साधा मार्ग धरला : जी नावे सापडत नव्हती, ती त्यांनी स्थानिक गट-फाईलमध्ये लिहून टाकली. हा मार्ग अडाणी वाटला तरी तत्त्वतः तोच सर्वांत योग्य होता, हे पुढे सिद्ध झाले.

दुसऱ्या टप्प्यात मध्यस्थ नेमण्यात आला. २००६ मध्ये आर्थर डी याँग यांनी पॅडलच्या जोडपत्राची नवी शाखा काढून नेटवर्कशी बोलण्याचे काम ‘एन.एस.एल.सी.डी.’ या स्वतंत्र सेवेकडे दिले. मध्यस्थ अद्याप सुरूच झालेला नसेल, तर ‘दफ्तर उपलब्ध नाही’ हे उत्तर तत्काळ मिळते. त्यासाठी नेटवर्कची वाट पाहावी लागत नाही. २००९ च्या सुमारास फेडोरात आलेल्या एस.एस.एस.डी.ने याला कॅशची जोड दिली. एकदा लॉगिन केलेल्या वापरकर्त्याची माहिती यंत्रावर जपून ठेवावयाची, म्हणजे सर्व्हर बंद असतानाही त्याचे काम अडत नाही. ‘रूट’ हे नाव तर ही सेवा मूळ मांडणीतच दूरच्या दफ्तराकडे नेत नाही.

तिसऱ्या टप्प्यात तत्त्व लेखी झाले. लेनार्ट पोटरिंग व काय सीव्हर्स यांनी २०१० मध्ये सिस्टमडी आणली. २०१२ मध्ये यूडेव्ह तीत विलीन झाले. तिच्या परिचयपत्रात असे नमूद आहे की, यूडेव्हच्या नियमांतील ठराविक गट, उदाहरणार्थ ‘डिस्क’, ‘ऑडिओ’, ‘टी.टी.वाय.’, ‘व्हिडिओ’, हे नेटवर्क किंवा दुसरे कोणतेही दफ्तर नसताना, आरंभाच्या पहिल्या क्षणीही सापडावयास हवेत. २०१४ मध्ये आलेला ‘सिस्टमडी-सिसयूझर्स’ हा प्रोग्राम अशी नावे स्थानिक वहीत आपोआप लिहून ठेवतो. जे काम पूर्वी व्यवस्थापक हाताने करीत होता, त्याला अशा रीतीने नियमाचे स्वरूप आले. कुलकर्ण्याचे दफ्तर गावात परत आले, असे म्हणावयास हरकत नाही.

तथापि इतिहास येथे संपला नाही. ऑक्टोबर २०१७ मधील सिस्टमडीच्या २३५ व्या आवृत्तीत लॉगिनची नोंद ठेवणाऱ्या ‘लॉगिनडी’ सेवेला सुरक्षेसाठी नेटवर्क बंद करण्यात आले. लॉगिनडीला नेटवर्कशी काय कर्तव्य, असा त्यामागचा तर्क होता. परंतु जुन्या एन.आय.एस.मध्ये मध्यस्थ नव्हता. जो प्रोग्राम नाव विचारी, त्यालाच स्वतः नेटवर्कवर जावे लागे. त्यामुळे लॉगिनडीचे प्रश्न अनुत्तरित राहू लागले आणि लॉगिन करणारा ताटकळू लागला. डी-बस या संदेशवाहक व्यवस्थेची प्रचलित मुदत २५ सेकंदांची आहे, ती संपेपर्यंत त्याची सुटका होत नसे. एन.एस.सी.डी. ही मध्यस्थ सेवा सुरू करणे हा त्यावरील उपाय ठरला. कितीतरी वर्षे जुन्या फंक्शनांच्या मागे नेटवर्क दडलेले आहे, याचा चतुर माणसांनाही कसा विसर पडतो, याचे हे उदाहरण होय.

८. उपसंहार

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, मध्यवर्ती दफ्तर चांगले असले तरी आपल्या घराचे दार उघडण्यासाठी लागणारी माहिती घरातच असावयास हवी. दुसरी, ‘नाही’ आणि ‘ठाऊक नाही’ यांतला भेद जी व्यवस्था पाळीत नाही, तिला कधी ना कधी खोटे बोलणे किंवा ताटकळत ठेवणे यांतून निवड करावी लागते. तिसरी, असलेल्या गोष्टींपेक्षा नसलेल्या गोष्टींचा शोध महाग पडतो. म्हणून व्यवस्था तपासताना तिला ठाऊक नसलेले नाव विचारून पाहावे.

या निष्कर्षांचे क्षेत्र प्रयोगशाळेपुरते नाही. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले. तेव्हापासून माणसाची ओळख दूरच्या दफ्तरात पडताळण्याचा व्यवहार रेशनच्या दुकानापर्यंत पोहोचला. बोट यंत्रावर टेकवून उत्तराची वाट पाहणारी वृद्धा आणि ‘टी.एस.एस.’ हे नाव विचारून थबकलेले यंत्र यांची स्थिती तांत्रिक दृष्ट्या फार वेगळी नाही. फरक इतकाच की, यंत्राला दहा मिनिटांचे काही वाटत नाही. वृद्धेची मजुरी बुडते. ‘जोडणी झाली नाही’ याचा अर्थ दुकानदाराने ‘नाव नाही’ असा केला, तर तिचे धान्यही जाते. अशा व्यवस्था उभारणाऱ्यांनी नामशोधाचा हा लहानसा इतिहास ध्यानी घ्यावा, असे सुचवावेसे वाटते.

शेवटी एक विनंती. या लेखातील बहुतेक सामग्री दूरदेशीच्या प्रयोगशाळांतील आहे, कारण तेथील लोकांनी आपल्या चुका लिहून ठेवल्या. विदर्भातील महाविद्यालयांतही गेल्या दोन दशकांत अशी यंत्रे थबकली, कोणीतरी रात्री बसून ती चालू केली. परंतु त्याची नोंद क्वचितच झाली. प्रत्येक प्रयोगशाळेत एक साधी वही असावी आणि तीत यंत्र केव्हा अडले, कशामुळे अडले व कशाने सुटले, हे तारखेसह लिहावे. पुढील अभ्यासकास तीच वही साधन म्हणून उपयोगी पडेल. आणि ती उघडण्यासाठी नेटवर्कची वाट पाहावी लागणार नाही.